अडीच पावलं

गोडाऊनमध्ये सकाळची शिफ्ट सातला लागायची, पण खोक्यांना हात लागायचा तो सात वाजून दहा मिनिटांनी. मधली दहा मिनिटं कंपनीची. हजेरी झाली की पॅकिंगच्या टेबलांपुढच्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी रांगा करायच्या, लीडर भूपेशने आज किती ऑर्डरी निघायच्यात ते ओरडून सांगायचं, आणि मग स्पीकर लावून अंग मोकळं करायचं. मान डावीकडे, मान उजवीकडे, हात वर, कंबर गोल. दिवसभर उभं राहून खोकी भरणाऱ्यांच्या पाठी धरू नयेत म्हणून कुणा साहेबाने काढलेला हा उद्योग. पहिली तीन-चार मिनिटं सगळे शाळेतल्या कवायतीसारखे हात हलवायचे. मग भूपेश गाणं बदलायचा, हळदीला लागतं तसलं, ढोलकीचं, आणि म्हणायचा, "चला, आता ज्याला जसं येतं तसं!"

त्या शेवटच्या चार मिनिटांसाठी हेमाली पहाटे पाचला उठत होती. कुणी विचारलं असतं तर कबूल केलं नसतं, ते वेगळं.

महिन्यापूर्वी ती बाळंतपणाहून कामावर परतली, त्या पहिल्या दिवशी शेवटच्या रांगेत ओंडक्यासारखी उभी होती. सैल पडलेलं अंग, तुटक तुटक झोप, आणि छातीवर कुणी ओला गोणपाट टाकून ठेवावा तसं ते ओझं. भावू झाल्यापासून ते उतरलंच नव्हतं. कशाचं ओझं, तिला सांगता आलं नसतं. लेक गुणी होती. पोटभर प्यायची, पंख्याकडे बघून हसायची. नवरा मारझोड करणारा नव्हता, सासू टाकून बोलणारी नव्हती. तरी भाकरी थापता थापता डोळे भरायचे आणि परातीत टिपं पडायची. सासूने, पार्वतीने, एकदा पाहिलं होतं. त्या घरात त्या वर्षी रडणारी हेमाली एकटी थोडीच होती!

आणि त्या पहिल्या दिवशी ढोलकी वाजली तसे तिचे पाय तिला न विचारता निघाले. दोन पावलं पुढे, तिसरं अर्धंच. डावा पाय टेकतो न टेकतो तोच उचलायचा, उजवा खांदा मागे टाकायचा आणि त्या झोकात अख्खं अंग फिरवून घ्यायचं. पुन्हा दोन आणि अर्धं. चार मिनिटं संपली तेव्हा ती धापा टाकत होती, कुडत्याच्या आत घडी करून ठेवलेली ओढणी दुधाने भिजली होती, आणि छातीवरचा गोणपाट जागेवर नव्हता. दुपारच्या डब्यापर्यंत तरी नव्हता.

"अरे बाई, ये क्या था?" शेजारच्या टेबलावरच्या मेघालीने विचारलं. मेघाली कामतघरची, लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमाग कामगारांच्या, चाळीत वाढलेली. तिच्या एका वाक्यात दोन भाषा नांदायच्या. "कुठल्या क्लासला शिकलीस?"

"सासऱ्यांकडे."

मेघाली टेप कापायचं सोडून हसत सुटली. तिला वाटलं, थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. हेमालीचे सासरे केसरीनाथ म्हणजे पंचक्रोशीतल्या हळदींचा माणूस. सडपातळ अंग, पांढऱ्या मिशा, खांद्यावर रुमाल. लग्नघर ओळखीचं असो वा नसो, बेंजोवाले जुळवाजुळव करायला लागले की आधी विचारायचे, केसरीकाका आले का? ते मांडवात शिरले की पोरंटोरं कडेला सरकायची, "काका, अडीच! काका, अडीच!" म्हणून ओरडायची, आणि केसरीनाथ दोन्ही हातांत रुमाल ताणून दोन पावलं टाकायचे आणि तिसरं हवेत सोडून द्यायचे. ते अर्धं पाऊल असं काही लटकायचं की बघणाऱ्याचा श्वासही त्याच्याबरोबर लटकायचा. गावातल्या प्रत्येक पोराने ते उचललं होतं. पार खाडीपलीकडच्या गावांत लोक अडीच पावलं नाचायचे आणि कुणाची ते त्यांना ठाऊकही नसायचं.

हेमाली नवी नवरी होऊन आली तेव्हा पहिल्या गौरीला अंग चोरून भिंतीला उभी राहिली होती. सगळ्या बायका फेर धरून नाचत होत्या. केसरीनाथ स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाले होते, "सूनबाय, सोपा हाय. दोन टाक. तिसरा टाकू नको, अर्धा सोड. पुरा टाकला का मजा जेली." आणि चुलीपाशी वडे तळणारी पार्वती ओरडली होती, "पोरीला काय शिकवताव! लाज हाय का या वयात!" असं म्हणून तिने पदर तोंडाला लावला होता, तो हसू लपवायला, हे हेमालीने तेव्हाच ओळखलं होतं.

फाल्गुनात ते गेले. ओटीवर बसून चहा पीत होते, कप खाली ठेवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. हेमालीला सातवा महिना होता. मग घराने वर्ष धरलं. वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, कुणाच्या हळदीची पायरी चढायची नाही, नाचणं-गाणं तर लांबच. भावूचं बारसं झालं ते पाळणा न म्हणता. पार्वतीने नातीच्या कानात नाव सांगितलं आणि तशीच आत निघून गेली. गौरी आल्या त्या शेजारच्या घरांत आल्या. आता मार्गशीर्ष लागला होता, आळीआळीत मांडव पडत होते, आणि संध्याकाळी कुठे बेंजो सुरू झाला की पार्वती उठून खिडक्या लावून घ्यायची. तिन्ही खिडक्या, एक एक करून.

गोडाऊनमधल्या त्या चार मिनिटांबद्दल हेमाली घरी बोलली नव्हती. लपवायचं असं काही तिच्या मनात नव्हतं. हजेरीच्या यादीत नाव आल्यावर होतं ते, तेव्हा ती ड्युटीच, असं तिने स्वतःला सांगून टाकलं होतं. ती हळूहळू शेवटच्या रांगेतून मधल्या रांगेत आली, मधल्या रांगेतून पहिल्या. मग एका सकाळी भूपेशने तिलाच सगळ्यांच्या पुढे तोंड करून उभी केली. "हेमाली करेल तसं करायचं. चला!" आणि सत्तर माणसं, मराठी, बिहारी, युपीची, निळ्या जाकिटांतली, खोक्यांच्या भिंतींमध्ये अडीच पावलं नाचली. तिसरं पाऊल सत्तर जणांनी एकदम हवेत सोडलं तेव्हा तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू. मोठ्याने, तोंड उघडून. असं हसून किती महिने झाले ते तिला आठवेना.

आत फोन न्यायची परवानगी एकट्या भूपेशला होती. त्याने व्हिडिओ काढला आणि शिफ्टच्या ग्रुपवर टाकला. मेघालीने डब्याच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढून तो आपल्या स्टेटसला ठेवला, वर लिहिलं, 'हमारी हिरोईन'. हेमालीच्या घरी वर्ष धरलंय हे त्या बिचारीला माहीत नव्हतं. बसमधल्या हेमालीच्या गावच्या एका पोरीने तो पाहिला आणि बघता बघता तो गावात पोचला. चार वाजता हेमालीने लॉकरमधून फोन काढला तर अकरा मिस्ड कॉल.

घरी पोचली तेव्हा ओटीवर आनंदीबाई बसलेल्या. केसरीनाथांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे पार्वतीची जाऊ. खालच्या आळीतून चालत आल्या होत्या, आणि गुडघेदुखीमुळे त्या सहसा देवळालाही जात नसत.

"ये गो, ये," आनंदीबाई म्हणाल्या. "बस जरा. दमली असशील नाचून."

"काकी, व्यायाम असतो तो. कंपनीत सगळ्यांनाच करावा लागतो."

"आमच्या टायमाला यायाम म्हंजे जात्यावं दलन दलायचा. त्याला बेंजो लागत नसं." त्या पार्वतीकडे वळल्या. "पारूबाय, भावजींना जाऊन नव महिने झालं. वरीस फिरला न्हाय. नि हिनी नाच केला तो केला, पाय पन त्यांचाच! त्यांचीच अडीच! मेल्या मानसाचा पाय असा गोडावनात नाचवायचा, दात दाखवून?"

व्यायाम, ड्युटी, सगळी उत्तरं हेमालीकडे तयार होती. या एका गोष्टीचं नव्हतं. पाय कुणाचे आहेत हे तिने त्या चार मिनिटांत कधी मनात आणलंच नव्हतं.

पार्वती भावूला मांडीवर घेऊन बसली होती. तिने नुसता हात पुढे केला. "फोन दे."

हेमालीने व्हिडिओ लावून दिला. बावीस सेकंदांचा. संपला. पार्वतीने अंगठ्याने पुन्हा लावला. पुन्हा संपला. आनंदीबाई काहीतरी बोलत राहिल्या, कुणी हं म्हणेना तशा उठून गेल्या. भावू रडायला लागली तेव्हा कुठे पार्वतीने फोन परत दिला.

टेम्पो लावून संध्याकाळी तिचा नवरा कुणाल घरी आला. हात धुतले, हेमालीच्या समोर येऊन उभा राहिला. "हेमा, एक वर्ष थांबता आलं नाही?"

"थांबलेच होते," ती म्हणाली. "चार मिनिटं सोडली तर."

"लोक मला विचारतात. बाप माझा गेलाय." त्याचा आवाज वाढला नाही, हेच तिला जास्त लागलं. "मी काही बोलत नाही. आई काय ते ठरवेल. आई नको म्हणाली तर ड्युटी सोडायची. तिकडे गेलीस की तुझे पाय राहणार नाहीत, मला ठाऊक आहे."

"आणि आई काहीच बोलल्या नाहीत तर?"

"तोवर मागे उभी राहा."

ती मागे उभी राहिली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, चौथ्या. भूपेशने हाक मारली, तिने पाय मुरगळल्याचं सांगितलं. ढोलकी लागली की बुटांच्या आत बोटं आवळून धरायची. समोर सत्तर माणसं तिचीच पावलं तिच्याशिवाय नाचत होती, थोडी चुकीची. मेघालीला सगळं कळलं तेव्हा तिने कान पकडले, स्टेटस केव्हाच काढलं होतं, पण "मेरी वजह से हुआ ना" म्हणत ती डब्यातला अर्धा पराठा रोज हेमालीच्या झाकणात ठेवू लागली. हेमाली तो तसाच झाकून ठेवायची. गोणपाट परत आला होता, आणि आता तो उतरू शकतो हे माहीत झाल्यामुळे आधीपेक्षा जड वाटत होता. एका दुपारी तिने कुणाच्या तरी मुलाच्या बुटांच्या खोक्यात दोन्ही डावेच बूट भरले. तपासणीच्या टेबलावरून खोकं परत आलं. तिने ते उघडून पाहिलं आणि उगाच डोळे पुसत बसली.

घरी पार्वती रोज संध्याकाळी हात पुढे करायची. "फोन दे. भावूचं फोटो बगते."

भावू तिच्या शेजारीच लोळत असायची. पार्वती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर पाठ करून बसायची, आवाज बंद करून. हेमाली भांडी विसळताना बघायची: सासूचा अंगठा उठतोय, टेकतोय, उठतोय. बावीस बावीस सेकंदांनी. हेमालीला वाटायचं, राग साठवतायत. भरला की बोलतील, आणि मग सकाळची बस माझ्याशिवाय जाईल. तिला नोकरी जायची भीती होतीच. त्याहून मोठी भीती अशी होती की उद्यापासून दिवसातली ती चार मिनिटं कुठेच नसतील, ना गोडाऊनमध्ये, ना घरात, ना तिच्या अंगात. आणि गोणपाटाखाली राहायची सवय झालेली आई भावूच्या वाट्याला येईल.

रविवार उजाडला. कुणाल भाडं घेऊन निजामपुऱ्याकडे गेला होता. जेवणं उरकली, भावू झोळीत झोपली. तीनच्या सुमाराला मागच्या आळीतल्या मांडवात बेंजोवाले वाजवून बघायला लागले. पार्वती नेहमीसारखी उठली. तिन्ही खिडक्या लावल्या. मग पुढचं दार लावलं. मग मागचं. हेमाली कपड्यांच्या घड्या करत होती.

"दाखव," पार्वती म्हणाली.

"काय, आई?"

"ती अडीच. फोनमदं नीट दिसत न्हाय. खोकी मदी येतात."

हेमाली उभी राहिली. "आई, चुकलं माझं. मी पुन्हा—"

"मी काय चुकलीस बोलली? दाखव, बाय."

खिडक्यांच्या फटींतून ढोलकी येत होती, दबकी, भिंतीपलीकडे कुणी दार ठोठावावं तशी. हेमालीने पदर खोचला. दोन पावलं पुढे, तिसरं अर्धं. दोन पावलं, तिसरं अर्धं. पार्वती ओटीकडच्या खांबाला टेकून बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

"न्हाय," ती म्हणाली. "डावा गुडगा तू वाकवतेस. त्यांचा वाकत नसं. ताठ ठेव. हां. आनि वाईच तोंड वाकडा कर."

"तोंड?"

"दुकायचा ना त्यांना."

हेमाली थांबली. पार्वती हळूच खाली बसली, खांबाची पाठ न सोडता.

"लगनाच्या आठ दिस आदी," ती सांगू लागली, "लूमवर बीम चढवताना खाली आला. सूत गुंडाललेला तेवढा मोठा बीम, सरल डाव्या गुडग्यावर. निजामपुऱ्यात कामाला होते तवा. घरात कुनाला बोललं न्हाय. लंगडा नवरा म्हनून माज्या बापानी लगीन मोडला असता. मग हलदीला सगली खेचायला लागली, नवऱ्या नाच, नवऱ्या नाच. तर नाचले. दोन पावला टाकायचे, तिसऱ्याला गुडगा भार घेत नसं, म्हनून पाय वर. वर खांदा फिरवायचे, लोकांनी खांद्याकडं बगावा म्हनून. लोकांना वाटला नवीन काय तरी काडलान." ती हसली. "सगला गाव लंगडतो, बाय. छत्तीस वरसा. नि म्हनतो, काय नाच हाय!"

हेमालीला मांडव आठवले, "काका, अडीच!" म्हणून ओरडणारी पोरं आठवली. गोडाऊनमधली ती सत्तर माणसं आठवली.

"मग नाचायचे कशाला?" तिने विचारलं. "एवढं दुखायचं तर?"

"मी पन हेच बोलायची. तर म्हनायचे, पारू, उभा रायलो तर गुडगा दुकतो. बसलो तर मागचा-पुडचा आटवून जीव दुकतो. नाचतो तेवडा येल काय दुकत न्हाय." पार्वतीने पदराने नाक पुसलं. "आनि घरी आले का पोरासारके कन्हायचे. तेल तापव, पारू. तेल तापव, पारू. मी शिव्या घालायची नि चोलायची. सगल्यांना त्यांचा नाच दिसला, बाय. मना मेलीला कदी नीट बगायलाच गावला न्हाय. मी आपली मागं, बायांच्यात, नाय तर चुलीपाशी, घरी आल्यावर गुडगा किती सुजलाय त्याची वाट बगत. आता फोनमदं बगते तर तू हायस. पन मदीच त्या खांद्याला," ती थांबली, "मदीच तेच असतात."

बाहेरची ढोलकी थांबली. बेंजोवाल्यांनी बहुतेक चहा घेतला असावा. घरात झोळीची कडी तेवढी कुरकुरत होती.

"अजून एकदा," पार्वती म्हणाली.

हेमाली नाचली. या वेळी गाण्याशिवाय. गुडघा ताठ, तोंड जरासं वाकडं, खांदा मागे. एकदा, दोनदा, दहादा. घाम सुटला, पदर दुधाने भिजला, झोळीत भावूने कूस बदलली. छातीवरचं ओझं सरकलं. गेलं नाही, पण सरकलं, आणि या वेळी ते दोघींनी मिळून बाजूला धरल्यासारखं वाटलं. पार्वती उठली नाही, तिने पायाचा अंगठाही हलवला नाही. वर्ष तिने धरलं होतं, ती ते पुरं करणार होती. ती डोळ्यांची पापणी न लववता नुसती बघत होती. एवढी वर्षं मांडवातल्या मागच्या रांगेतून जे दिसलं नव्हतं, ते बघत होती.

"बस आता," शेवटी ती म्हणाली. "ऐक. घरात फाल्गुनापतूर न्हाय. आज झाला तो झाला. पन गोडावनात तुजी ड्युटी हाय, ड्युटीला सुतक नसतो. कुनालला मी सांगते. आनंदीलाबी सांगते, तिचा तोंड मना ठावं हाय कसा बंद करायचा. तू उद्या पुडं उबी रा."

"आई..."

"नि तिसरा पाऊल पुरा टाक. तुजा गुडगा धड हाय. तू कशाला अर्धा टाकतेस?"

पार्वती आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग लसणीच्या तेलाचा वास. नऊ महिन्यांत तो वास या घरात आला नव्हता. वाटी पदरात धरून ती बाहेर आली, हेमालीच्या समोर बसकण मारली आणि काही न विचारता तिचा डावा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"आई, अहो, हे काय! मोठ्या तुम्ही. पायाला हात नका लावू."

"गप बस."

बोटं गुडघ्याच्या वाटीभोवती फिरायला लागली. आधी गोल, मग खालून वर, मग अंगठ्याने मागच्या शिरेवर. न बघता. कुठे किती दाब द्यायचा हे त्या हातांना पाठ होतं, फक्त इतके दिवस त्यांना गुडघा मिळाला नव्हता. पार्वतीची नजर लावलेल्या खिडकीवर होती. मागच्या आळीत पुन्हा ढोलकी सुरू झाली.

"दुकतो का गो?" तिने विचारलं, आणि तो प्रश्न नक्की कुणाला विचारला ते हेमालीला कळलं.

गुडघा अगदी धड होता. कुठे ठणक नाही, कुठे सूज नाही.

"हो," हेमाली म्हणाली. "बराच दुखतोय, आई."

"वाटलाच मना," पार्वती म्हणाली, आणि वाटीतलं तेल आणखी थोडं तळहातावर घेतलं.